डावीकडचे दोन बर्नर

"उजवीकडचे दोन बर्नर तुझे, डावीकडचे दोन तिचे. तू तिच्या भांड्यात डोकावायचं नाही, तिने तुझ्या. आणि मला मध्ये घ्यायचं नाही."

सासूबाईंनी हे बजावलं तेव्हा दोन्ही सुना ओट्यापाशी माना खाली घालून उभ्या होत्या. सासूबाईंना जाऊन आता बराच काळ लोटला होता, पण थोरलीच्या कानात तो आवाज अजून तसाच होता. आज तर जास्तच, कारण तो ओटाच आता जागेवर नव्हता. भिंतीवर त्याच्या उंचीची मळकट रेघ तेवढी उरली होती, आणि चार बर्नरची जुनी शेगडी मागच्या दाराशी पालथी पडली होती.

स्वयंपाकघर नवं करायचं मुलाच्या मनात आलं. तो दुसऱ्या शहरात राही आणि फोनवरून हुकूम सोडी. फरशी कोणती, नळ कोणता, कपाटाची दारं कशी उघडायची, सगळं त्याने ठरवलं होतं. थोरलीने मागच्या खोलीत स्टुलावर विजेची एक बारकी शेगडी मांडली होती. तिच्यावर आधी दूध, मग भाजी, मग चहा, अशी भांडी आपापल्या पाळीची वाट बघत बसत.

ओट्याचं काम करणारा कारागीर कानावर पेन्सिल खोचून काळ्या दगडाच्या लादीपाशी उकिडवा बसला होता.

"मावशी, भोक केवढं पाडू? शेगडी दोन बर्नरची की चार?"

"उद्या सांगितलं तर नाही का चालणार?"

"सकाळी मशीन आणतो, त्याच्या आत सांगा. एकदा कापला की दगड काही मला शिवून देता यायचा नाही."

तिने मुलाला फोन लावला.

"आई, अगं दोनची घे. चार बर्नर कुणासाठी? वाचलेल्या जागेत मोठं सिंक बसेल."

"तुझी काकू यायची आहे ना."

"काकू आता येणार नाही, आई. तिथे नर्स आहे, लिफ्ट आहे. आपल्या पायऱ्या तिला झेपायच्या नाहीत."

"तसं म्हणाली का ती?"

"तूच विचार की."

विचार म्हणणं सोपं होतं. एका शेगडीवर दोन संसार शिजले, मुलं मोठी होऊन बाहेर पडली, दोघींचेही नवरे गेले, आणि तरी दोघींचं बोलणं 'जरा सरका', 'दूध उतू चाललंय', 'बेल वाजली' याच्यापुढे कधी गेलं नव्हतं. भांडण म्हणावं तर तेही नाही. धाकटी नवी नवरी असताना तिने पहिल्यांदा भाजी केली आणि हौसेने वाटी थोरलीपुढे धरली. थोरलीने ती घेतली, बाजूला ठेवली आणि खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी धाकटी मोरीत जाऊन रडली, आणि सासूबाईंनी शेगडीची वाटणी केली.

मग उतारवयात धाकटी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून तिला थेट म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नेलं. थोरली डावीकडचे दोन बर्नर रोज पुसायची, पेटवायची मात्र नाही. शेजारी दुसऱ्या कुणाचा डाव पातेल्यावर वाजत नसला की आपलाच आवाज किती मोठा होतो, हे तिला तेव्हा कळलं. सकाळी पोथीची पानं उलटताना ती मुद्दाम जरा मोठ्याने वाचू लागली होती.

दुपारी ती बसने निघाली.

धाकटी खिडकीपाशी बसली होती, चालताना धरायची चौकट हाताशी. थोरलीला बघून ती दचकलीच.

"ताई, तुम्ही? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. ओटा काढलाय."

"कळलं. तुमच्या लेकाने विचारलं मला, काकू, टाइल्सचा रंग कोणता आवडेल? म्हटलं, ज्याच्यावर तेल उडालेलं दिसत नाही तो."

थोरलीला हसू आलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"शेगडी घ्यायची आहे. दोनची घेऊ की चारची?"

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. "हे विचारायला बसने आलात? फोन करायचा."

"फोनवर तू खोटं बोलली असतीस."

खिडकीखाली कुणीतरी चादरी झटकत होतं. धाकटी तिकडे बघत राहिली.

"दोनची घ्या," ती म्हणाली. "मी नाही आता येत. इथे रात्री उठायचं झालं तर घंटी दाबली की कुणीतरी येतं. घरी दाबली तर तुम्ही याल, आणि मग आपण दोघी पडू."

"मी धरीन ना तुला."

"तुम्हाला कोण धरेल?"

दोनची घ्यायची, एवढंच ठरलं होतं. थोरली उठून निघाली असती तरी चाललं असतं. पण ती उठली नाही. आता नाही सांगितलं तर पुन्हा सांगायला ओट्यापाशी दोघी उभ्याच राहणार नव्हत्या.

"तुझी ती वाटी," थोरली म्हणाली, "पहिल्या दिवसाची. तुझ्या हातचं नको म्हणून नव्हतं गं ते. तू यायच्या आधी माझा मुलगा तापाने फणफणला होता, डॉक्टरांनीही आशा सोडली होती. मी देवापुढे बोलून बसले, हा वाचला तर जन्मभर स्वतःच्या हातचंच खाईन. नेम चारचौघांत सांगायचा नसतो, त्याची फुशारकी होते. म्हणून मी..."

"माहीत आहे मला."

थोरलीने वर पाहिलं.

"सासूबाईंनी ओळखलं होतं. शेवटच्या आजारपणात मला म्हणाल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलू? नेम तुमचा." धाकटीचा आवाज चढला नव्हता. "मला वाटायचं, आज ना उद्या स्वतःहून सांगाल. देवाला सांगितलंत, आणि मी हातभर अंतरावर उभी होते, ताई. मला नाही सांगितलंत. आधी राग यायचा. मग वाट बघायची सवय झाली. मग सवयच राहिली."

थोरलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. कुठे ठेवावा ते न कळून ठेवल्यासारखा. धाकटीने तो राहू दिला.

"इथे जेवताना सगळे टीव्हीकडे तोंड करून बसतात," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माझ्यासमोरची खुर्ची रिकामीच असते. एक ऐकाल? शेगडी बसली की स्वतःचं शिजवा, डब्यात घाला आणि इथे येऊन माझ्यासमोर जेवा. मला काही आणू नका, मला इथलं मिळतं. तुमचा नेम मोडायला नको."

"येईन."

"देवाला सांगितल्यासारखं सांगताय की मला सांगितल्यासारखं?"

"दोघांना," थोरली म्हणाली.

घरी आल्यावर तिने मुलाला फोन केला. "दोनची."

"बघ, मी म्हणतच होतो," तो म्हणाला.

सकाळी मशीन किरकिरलं, घरभर पांढरी धूळ बसली आणि दगडात एक चौकोन पडला. शेगडी त्यात अचूक बसली. कारागिराने नळी जोडली, साबणाचं पाणी लावून गळती तपासली, खटका दाबला. निळी ज्योत गोल उमलली.

"झालं ना मनासारखं, मावशी?"

"छान बसवलीस."

तो गेला. तिने धूळ पुसली, फरशी पुसली, मग पुन्हा ओटा पुसला. दूध तापवताना तिच्या लक्षात आलं, की शेगडी मधोमध असूनही आपण उजवीकडे सरकून उभ्या आहोत आणि डावीकडे एका माणसाची जागा सोडली आहे. ती मध्ये येऊन उभी राहिली. मग न जमून परत सरकली.

दुसऱ्या दिवशी अंघोळ, पूजा, पोथी सगळं आटोपून तिने भाजी फोडणीला टाकली, शेजारी भात ठेवला. दोन्ही बर्नर शांतपणे जळत होते. शिजलेलं तिने डब्यात भरलं. पातेल्यात उरलेल्या भाजीकडे तिने क्षणभर पाहिलं, धाकटीला थोडी न्यावी का म्हणून, पण तिने बजावलं होतं तसं फक्त आपल्यापुरतंच घेतलं. झाकण घट्ट लावलं, गॅसचा कॉक बंद केला, एकदा हात लावून तो बंद असल्याची खात्री केली.

तिथली जेवणाची घंटा व्हायच्या आत पोचायला हवं होतं. तिने पिशवी खांद्याला अडकवली, दार ओढून घेतलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.