चारशे बारा जणांचं एक खातं

"साहेब, तुमची बँक बुडाली तर आमचे पैसे कोण देणार?"

प्रश्न क्षितिजाचा नव्हता. म्हणजे तोंड तिचं होतं, पण प्रश्न नववी 'ब'च्या शेवटच्या दोन बाकांनी मिळून तयार केला होता आणि विचारून दाखवलास तर दोन प्लेट शेवपुरी, अशी पैज अनुष्काने लावली होती. मागच्या वर्षापर्यंत हीच क्षितिजा हजेरीला इतक्या बारीक आवाजात 'उपस्थित' म्हणायची की बाईंनी तिला दोनदा गैरहजर लावलं होतं. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून तिचा आवाज म्हणजे नवीकोरी सायकल झाला होता. कारण असो नसो, गल्लीत दोन चकरा मारल्याशिवाय चैन पडायचं नाही.

व्यासपीठावर एकनाथशेठ उभे होते. सागरकाठ नागरी सहकारी बँकेचे अध्यक्ष, शिवाय शाळेचे विश्वस्त. बचतीवर अर्धा तास बोलून झालं होतं. शेजारच्या खुर्चीवर माणूस नव्हता, एक मोठी फ्रेम होती आणि तिला झेंडूचा हार घातलेला होता. हा रिझर्व्ह बँकेने दिलेला परवाना. सागरकाठच्या नालासोपारा शाखेत तो गणपतीच्या बरोबर शेजारी टांगलेला असायचा. दसऱ्याला त्याला हार, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू. पैसे भरायला आलेल्या बायका त्यालाही हात जोडून जायच्या, आणि त्यांना कोणी कधी थांबवलं नव्हतं.

एकनाथशेठ हसले. प्रेमाने हसले, त्याचीच नंतर जास्त चीड आली. फ्रेमवर बोट ठेवून ते म्हणाले, की बाळ, ही सही बघ, ज्यांच्या नोटा तू खिशात घेऊन फिरतेस ते आमच्या पाठीशी उभे आहेत. हॉलभर टाळ्या पडल्या. पैज तिथे जिंकून झाली होती. शहाण्या मुलीने खाली बसायचं.

क्षितिजा बसली नाही. सायकल उताराला लागली होती.

"मग आमच्या सहलीच्या बसचा चेक परत कसा आला?"

त्याचं असं झालं होतं. मंगळवारी ती आणि तिच्या बाकावरची मैत्रीण एमिली नकाशा आणायला ऑफिसात गेल्या तेव्हा बसवाला तिथे टेबलावर चेक आपटत होता. शाळेने सागरकाठचा चेक दिला, त्याने तो आपल्या बँकेत भरला आणि चौथ्या दिवशी तो परत आला. क्लार्क म्हणत होता, खात्यात पैसे आहेत. बसवाला म्हणत होता, मग मी काय खोटं बोलतोय? आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. ते कसं, हे क्षितिजाला आठवडाभराने कळायचं होतं.

हॉलमध्ये नुसता माईक शिट्टी मारत राहिला. मुख्याध्यापक लुईस सरांनी घाईघाईने राष्ट्रगीताची खूण केली.

शनिवारी हे झालं. सोमवारी सकाळी सागरकाठच्या दारात रांग लागली ती पार मासळी बाजारापर्यंत. चारशे पोरं शनिवारी घरी गेली होती आणि प्रत्येकाने जेवताना तोच एक किस्सा सांगितला होता, मग दुसरं काय होणार? खिडकीच्या आत कॅशियर बसला होता तो क्षितिजाचा बाप, विलास. तीन दिवस त्याने मान वर न करता पैसे मोजले. बुधवारी संध्याकाळी रिझर्व्ह बँकेचा आदेश आला आणि गुरुवारी तो शटरवर चिकटवला गेला. पुढचे सहा महिने बँकेने नवीन ठेव घ्यायची नाही, नवीन कर्ज द्यायचं नाही, आणि एका ठेवीदाराला त्या सहा महिन्यांत मिळून हजार रुपयांच्या वर एक पैसा द्यायचा नाही.

लोकांनी फ्रेम बाहेर आणून विचारलं, की याच सहीने दिलं आणि याच सहीने काढून घेतलं, हे कसं? फ्रेममध्ये काय लिहिलंय ते त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी वाचलं. धंदा करायला परवानगी आहे, एवढंच होतं. पैसे बुडणार नाहीत असं त्यात कुठेच नव्हतं.

मग राग काढायला माणूस हवा होता. एकनाथशेठ गाडीतून यायचे आणि गाडीतून जायचे. रिझर्व्ह बँक तिकडे मुंबईत. क्षितिजा मात्र रोज सकाळी पावणेसातला दोन वेण्या घालून चालत शाळेत यायची. वाण्याने तिच्या आईला उधारी बंद केल्याचं क्षितिजाच्याच तोंडी सांगून पाठवलं. तिच्या बाकावर कोणीतरी कर्कटकाने 'बँकबुडवी' असं कोरलं. अनुष्काने शेवपुरीचं नाव काढलं नाही, वर सगळ्यांना सांगितलं की प्रश्न क्षितिजाच्याच डोक्यातला, आम्ही तर तिला नको म्हणत होतो.

पण सगळ्यात वाईट गाठ पडली ती एमिलीच्या आईशी. फ्लॉसी आंटी कळंबहून मासळी घेऊन यायची. घराचं छप्पर बदलायला तिने सागरकाठमध्ये ऐंशी हजार साठवले होते, टोपली टोपलीने. तिने बाजाराच्या तोंडाशी क्षितिजाला अडवलं. ओरडली नाही. मासे कापायचा कोयता बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तुझ्या बापाशीन माज्या हातावर हजार रुपये ठेवले नि म्हनतो, सहा महिने थांब. छप्पर थांबंल काय? तुला कोनी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

क्षितिजाला सांगायचं होतं, की आंटी, मी विचारलं म्हणून पैसे गेले नाहीत. पण ते तिलाच खात्रीने कुठे माहीत होतं? ती नुसती उभी राहिली, आणि शेजारची कोळीण म्हणाली की आता बघा कशी गप्प.

त्यात शाळेचं निघालं ते वेगळंच. शाळेत बालबचत होती. दर शुक्रवारी प्रत्येकाने दोन-पाच रुपये आणायचे, बाईंनी कार्डावर लिहायचं आणि पैसे सागरकाठमध्ये जायचे. आता प्रत्येक मुलाचं वेगळं खातं उघडायचं तर जन्मदाखला, पालकाची सही, हजार भानगडी. म्हणून लुईस सरांनी सहा वर्षांपूर्वी सोपा मार्ग काढला होता. एकच खातं, 'मुख्याध्यापक, बालबचत' या नावाने. कोणाचे किती ते शाळेच्या वहीत. तेव्हा सगळ्यांनी सरांच्या हुशारीचं कौतुक केलं होतं. आता खात्यात एक लाख शहाऐंशी हजार होते, त्यात चारशे बारा मुलं होती, आणि बँकेच्या हिशेबी तो एक ठेवीदार होता. एका ठेवीदाराला हजार. म्हणजे डोई अडीच रुपयेसुद्धा नाहीत. वेगळी खाती असती तर बहुतेक पोरांना आपले पैसे पुरेच्या पुरे मिळाले असते, कारण हजाराच्या वर होतेच कोणाचे?

शुक्रवारी लुईस सरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता, वर 'माफीपत्र', खाली तिच्या सहीची जागा आणि पालकाच्या सहीची जागा. सर वाईट माणूस नव्हते, फक्त त्या दिवशी ते तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघून बोलत होते. सोमवारी प्रार्थनेनंतर तिने हे वाचून दाखवायचं. नाही दाखवलं तर शाळेला विचार करावा लागेल. तिच्या वडिलांच्या नोकरीचाही विचार शेठ करतायत, हे त्यांनी शेवटी सांगितलं, पाणी पिता पिता, जणू आत्ताच आठवलं.

कागदात लिहिलं होतं, की मी बँकेबद्दल निराधार अफवा पसरवली, त्यामुळे ठेवीदारांनी गर्दी केली आणि एका सुदृढ बँकेवर संकट ओढवलं, याचा मला पश्चात्ताप होत आहे.

रविवारी दुपारी तो कागद घरी जेवणाच्या टेबलावर पडला होता, तिघांच्या मध्ये, लोणच्याच्या बरणीखाली, पंख्याने उडू नये म्हणून. आई मेघनाने पेन आणून ठेवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. दोन मिनिटं वाचायचं, खाली मान घालायची आणि विषय संपवायचा. तुझ्या जिभेने आधीच पुरे उजेड पाडलाय.

क्षितिजाने विचारलं, की माझ्या माफीची शेठना एवढी काय गरज? ते काय माझ्या माफीने जेवणार आहेत?

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी सांगितलं. ते पत्र नुसतं शाळेत वाचायचं नाही. शेठ ते रिझर्व्ह बँकेला पाठवायच्या खुलाशाला जोडणार आहेत. बँक ठणठणीत होती, एका पोरीच्या अफवेने घात केला, हा बघा तिचाच कबुलीजबाब.

"बँक ठणठणीत होती?" क्षितिजाने विचारलं.

तेव्हा कुठे ते बोलले, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात. जुलैत रिझर्व्ह बँकेचे तीन तपासनीस आले होते. तीन आठवडे बसले. रोकड मोजली ती अर्ध्या तासात, बाकी सगळा वेळ कर्जांच्या फायली. मग रिक्षा करून गोखिवऱ्याला गेले, ज्या कारखान्यांना बँकेने कर्ज दिलं होतं ते बघायला. एका गाळ्याला गंजलेलं कुलूप. दुसऱ्यात मशीन नाही, बकऱ्या बांधलेल्या. सगळी कर्जं शेठच्या मेहुण्यांची आणि व्याह्यांची. दर मार्चमध्ये जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज द्यायचं, म्हणजे वहीत सगळं ताजंतवानं दिसतं. ऑक्टोबरच्या सात तारखेला रिझर्व्ह बँकेची नोटीस आली, की तुमच्यावर कारवाई का करू नये ते सांगा. शेठने ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि फ्रेमला नवा हार आणवला. सागरकाठचे चेक एका मोठ्या बँकेमार्फत वटायचे, तिच्याकडे ठेवायची रक्कम कमी पडली तेव्हा तिनेही हात काढून घेतला. बसवाल्याचा चेक तेव्हाचा. शाळेच्या खात्यात पैसे वहीत होते. बँकेकडे नव्हते.

क्षितिजाने बोटांवर मोजलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तिने प्रश्न विचारला त्याच्या दोन महिने आधी. तिच्या छातीवरून आठवडाभराचा धोंडा उतरला आणि पुढच्याच क्षणी दुसरा, जास्त जड, येऊन बसला.

"मग फ्लॉसी आंटीला तुम्ही का नाही सांगितलं? ती नोव्हेंबरातसुद्धा तुमच्याच खिडकीत पैसे भरत होती."

बाबा म्हणाले, की कॅशियरने खिडकीत बसून असं सांगितलं तर त्याला म्हणतात अफवा, आणि नोकरी त्याच दिवशी जाते. आणि तेही काही खोटं नव्हतं. कदाचित क्षितिजा गप्पही बसली असती. पण आई मध्ये पडली, भांडण मिटवायच्या सुरात, हातातली वाटी पुसत.

"आणि आपल्याला काय त्याचं? आपले तर दिवाळीच्या आधीच काढून पोस्टात टाकले ना. आपलं काही अडलंय का? सही कर आणि मोकळी हो."

बाबांनी आईकडे पाहिलं. ती नजर क्षितिजाने पाहिली आणि तिला समजलं, की हे तिच्यापर्यंत यायचं नव्हतं. पंखा फिरत होता. टेबलावर भेंडीची भाजी होती, तिच्या आवडीची, आज मुद्दाम केलेली.

तिला रांग आठवली. मासळी बाजारापर्यंतची. त्या रांगेतला प्रत्येक माणूस तिच्या बापाच्या हातून पैसे घेत होता आणि त्या बापाचे स्वतःचे पैसे मात्र पोस्टात सुरक्षित होते. बँकबुडवी कोण, तर ती. बाकावर कोरलेलं तिचं नाव.

तिने बरणी उचलली, कागद ओढून घेतला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. आईला वाटलं ती सही करतेय, म्हणून तिने पेन पुढे सरकवलं.

क्षितिजाने कागदावर वर लिहिलं, 'प्रति, रिझर्व्ह बँक'. खाली 'एक' असा आकडा घालून एमिलीचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढे तिच्या कार्डावरची रक्कम, सहाशे वीस. ती तिला पाठ होती, दर शुक्रवारी शेजारीच तर बसायची. दोनवर स्वतःचं. मग ती उठली. वक्तृत्व स्पर्धेला उभी राहायची तशी नाही, खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून.

"मी माफी मागणार नाही. उद्या प्रार्थनेनंतर मी वर्गावर्गात जाऊन सगळ्यांची कार्डं गोळा करणार, चारशे बारा, आणि ही यादी पाठवणार, की आम्ही एक ठेवीदार नाही, चारशे बारा आहोत, आम्हाला तसं मोजा. वर नोटिशीची तारीख लिहिणार, सात ऑक्टोबर. आणि बाबा, 'ही तारीख तुला कोणी सांगितली?' असं मला कोणी विचारलं, तर मी तुमचं नाव सांगणार आहे. शाळेत विचारलं तरी, आणि फ्लॉसी आंटीने विचारलं तरी."