ठिपक्यांचं कुंपण

चौकट पहिली

माघातलं ऊन. पाचगणीचं ऊन. सिल्व्हर ओकच्या पानांची चंदेरी पाठ उलगडत, तांबड्या वाटेवर सांडत, उतरत्या कौलांवर रेंगाळत येणारं मधवर्णी, मंदगामी ऊन. दरीतून धुकं चढतं, पठाराच्या काठाशी थबकतं, काही तरी आठवल्यासारखं करतं आणि विरून जातं.

त्या उन्हातून लिदिया चालली आहे. पंचाहत्तरीची, रुपेरी अंबाड्याची, सारा जन्म वाईच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवलेली लिदिया. तिनं छातीशी एक सपाट पुडकं धरलं आहे. पुडक्यात एक पान आहे. एकच.

वळणावरच्या घरात, खिडकीशी, तिचा दादा बसला आहे. योहानदादा. तीन वर्षांनी मोठा. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आहे. कडांकडून काळोख आत येत येत जग आता चौकटीएवढं उरलं आहे. एका वेळी एक चौकट, बाकी सारं काळं. पावसाळ्यापर्यंत तीही मिटेल, असं डॉक्टर म्हणाले.

ती मिटायच्या आत लिदियाला त्याच्याकडून एक गोष्ट वाचून घ्यायची आहे. अडुसष्ट वर्षांपूर्वी अर्ध्यात राहिलेली.

चौकट दुसरी

अप्पा टेकडीवरच्या शाळेचे बाइंडर. फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, कणकेच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालून कसर पळवायची, हे त्यांचं काम. पुठ्ठ्याला अस्तर लागायचं. अस्तराला रद्दी लागायची. आणि रद्दी यायची साहेबांच्या बंगल्यांतून: बोटीनं समुद्र ओलांडून आलेली, मीठमाखल्या वासाची, विलायती पोरांची चित्रांची साप्ताहिकं.

खळीचा वास, कागदाचा वास, आणि गठ्ठ्यात बुडालेली दोन डोकी. योहान दहाचा. लिदिया सातची. आई लिदियाला आठवतही नव्हती.

अंक कसेही यायचे. मागचा पुढे, पुढचा कधीच नाही. पाणबुड्या समुद्राच्या तळाशी अडकला की अडकलाच. त्याला वर काढणारा अंक कुठल्या बंगल्यात, कुणाच्या शेगडीत जळाला, देव जाणे. घोडेस्वार कड्यावरून पडता पडता तसेच लटकत राहिले. सगळ्या गोष्टी अर्ध्या. सगळे शूरवीर अधांतरी.

फक्त मागच्या पानावर, रंगीत शाईत, एक गोष्ट पुरी व्हायची. सहा चौकटींत सुरू, सहा चौकटींत संपूर्ण. दर वेळी. न चुकता.

तिला जाहिरात म्हणतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

चौकट तिसरी

लाल. पिवळा. निळा. आणि लाल जरा रेषेबाहेर सांडलेला, म्हणून सगळ्यांचे ओठ गालावर सरकलेले.

एक पोरगा. नाकावर ठिपकेच ठिपके. योहाननं त्याचं नाव ठेवलं तिळ्या. पहिल्या चौकटीत तिळ्या शर्यतीत शेवटचा. दुसरीत पोरं हसतात. तिसरीत तिळ्या उंबऱ्यावर गुडघ्यात डोकं घालून. चौथीत आई येते. झालरीचा एप्रन, हातात कप, कपातून वर चढणारी पांढरी वळणदार वाफ. पाचवीत तिळ्या धावतो आणि वारा मागं पडतो. सहावीत चांदीचा चषक, हसणारी आई आणि कोकोचा भलामोठा डबा, जणू तोच शर्यत जिंकला आहे.

योहान बोट ठेवून वाचायचा. खडखडीत, न अडखळता, मराठीतून. ती वाफ नाहीच, तो सांगायचा. ते आपल्या पठारावरचं धुकं. तिळ्याच्या आईला कळलं, की पाचगणीच्या धुक्यानं पायांत बळ येतं, म्हणून तिनं ते बोटीनं मागवलं, डब्यात भरून.

लिदिया खिडकीतून बाहेर बघायची. धुकं खरंच कमी झालेलं असायचं.

चौकट चौथी

त्या पानाच्या कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांची एक चौकट होती. आत रिकाम्या ओळी. कडेला इवलीशी कात्री.

साहेब तिला कूपन म्हणायचा. अप्पांच्या कानात ते कुंपण होऊन उतरलं आणि अप्पांनी ते तसंच घरी आणलं. चुकीचं वाटायला जागाच नव्हती: ठिपके म्हणजे खुंट, आतली रिकामी जागा म्हणजे परसू, आणि कात्री म्हणजे फाटक. कुंपण कापून पाठवलं, की चित्रातलं घरी येतं, एवढं अप्पांना साहेबाच्या खानसाम्यानं सांगितलं होतं.

चित्रातलं घरी येतं.

त्याच पानाच्या आतल्या बाजूला पाणबुड्या होता. त्या दिवशी योहाननं तो वाचला, अष्टभुज राक्षसापर्यंत, तुटत्या नळीपर्यंत. आणि शेवटच्या चौकटीशी थांबला. "उद्या वाचतो," म्हणाला.

लिदियाला पाणबुड्याचं काय. तिनं अप्पांची मोठी कात्री घेतली. ठिपक्यांवरून, जीभ बाहेर काढून, कुंपण कापलं. रिकाम्या ओळींत गिरवलं: लिदिया, पाचगणी. आणि टाचा उंचावून लाल पेटीत टाकलं, बिनतिकिटाचं.

तिला डबा नको होता. डब्याशेजारी हसणारी हवी होती.

- - - - - - - - - - - -

(इथली चौकट कापून नेली आहे.)

- - - - - - - - - - - -

चौकट सहावी

योहाननं पान उलटलं. पाणबुड्याच्या गोष्टीच्या टोकाला एक चौकोनी भोक होतं. भोकातून घराचं जोतं दिसत होतं.

तो ओरडला नाही. मारलंही नाही. भोकाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "आता तुझं तू वाच."

पुन्हा त्यानं तिला कधी काही वाचून दाखवलं नाही. बोलायचा, खेळायचा, पेरू तोडून द्यायचा. पण पान पुढे केलं, की उठून जायचा.

मग ती तिचं ती वाचायला शिकली. देवनागरी शिकली, रोमन शिकली, इंग्रजीची बाई झाली; हजार पोरांना वाचून दाखवलं. तिला कुणी दाखवलं नाही. आणि त्या भोकाची कड आत कुठे तरी तशीच राहिली, ताज्या कापल्यासारखी, बोट लावलं की लागणारी.

चौकट सातवी

एकच अंक दोन बंगल्यांतून यायचा. दुसरी प्रत त्याच आठवड्यात अप्पांनी शाळेच्या थोरल्या नकाशापोथीच्या पुठ्ठ्यात घातली होती. मोठं पान होतं, म्हणून खळ फक्त चारी कडांना. लिदियाला ते आठवत होतं, कारण तिनंच खळीची वाटी धरली होती.

या नाताळात टेकडीवरच्या शाळेनं जुनी पुस्तकं रद्दीत काढली. तिनं ती नकाशापोथी मागून घेतली, पुठ्ठ्याच्या कडा ओल्या फडक्यानं दिवसभर भिजवल्या, सुरीच्या पाठीनं अलगद उकलल्या. आणि जगाच्या साऱ्या नकाशांखालून, मोरचुदानं राखलेला, तिळ्या हसत बाहेर आला.

तिनं वाचलं. पहिल्यांदाच, खरोखर वाचलं. धुक्याचा शब्द नव्हता. बोट नव्हती. दोन चमचे कोको, गरम दूध, सगळ्या वाण्यांकडे मिळेल, एवढंच. दादाचं एकही वाक्य त्या पानात नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता चष्मा पुसावा लागला.

मग तिनं पान उलटलं. कुंपणाच्या पाठीशी पाणबुड्याची शेवटची चौकट शाबूत होती.

आता ते पान दादाच्या मांडीवर आहे.

"पाणबुड्याचा शेवट आणलाय," ती म्हणते. "मी कापलेला."

योहान पान उलटतही नाही. "त्यात चित्रच नव्हतं, लिदे," तो म्हणतो.

ऊन खिडकीच्या गजांवरून सरकतं.

"काळीकुट्ट इंग्रजी अक्षरं नुसती. मुंग्यांचं वारूळ. चित्र असतं तर मी हाणलं असतं काही तरी. रात्रभर घाम फुटला, सकाळी तुला काय सांगू म्हणून. आणि सकाळी बघतो तर तू भोक पाडलेलं." तो हसतो, बोळक्या तोंडानं, खांदे हलवत. "सुटलो बघ. पण मग परत कधी वाचायची छाती झाली नाही. पुढच्या खेपेला पकडलं असतंस. तू पहिल्यापासून मास्तरीणबाई."

लिदियानं अडुसष्ट वर्षं मुठीत आवळलेलं काही तरी तळव्यावर उलगडतं. बघावं, तर रिकामं. पेरूच्या पानाएवढंही वजन नसलेलं.

"आता वाच," ती म्हणते.

"काय लिहिलंय ते तुला येतं की."

"ते नको. तुझं वाच."

तो पान डोळ्यांजवळ नेतो. एका वेळी एकच चौकट दिसते त्याला. चौकट वाचायला तेवढं पुरतं. पान सरकतं. तिळ्या शर्यतीत शेवटचा. पान सरकतं. आई येते, झालरीची, आणि योहानचा म्हातारा, चिरका, खडखडीत आवाज न अडखळता सांगू लागतो, की ती वाफ नाहीच, ते धुकं. बोटीनं मागवलेलं, डब्यात भरलेलं, पाचगणीचं. पान सरकतं. तिळ्या धावतो. चषक येतो. डबा येतो. बोट कोपऱ्यात पोचतं, आणि थांबतं.

"कुंपण," तो म्हणतो. "काप."

चौकट पाचवी

अप्पांची कात्री अजून त्या घरात आहे. गंजलेली, जड, बोटांना ओळखणारी.

ती कापते. ठिपक्यावरून ठिपक्यावर, हळूहळू, जीभ बाहेर काढून. कुंपण उघडतं. तुकडा मांडीवर पडतो, कुणी तो उचलत नाही.

योहान पान उन्हाकडे धरतो. भोकाला डोळा लावतो. आणि काळ्याभोर जगाच्या मधोमध, ठिपक्यांच्या उघड्या फाटकात, माघाचं मधवर्णी ऊन, उन्हात एक रुपेरी अंबाडा, आणि अंबाड्याखाली सात वर्षांचे दोन डोळे.

चौकटीत अक्षर एकही नव्हतं. चित्र होतं.

तो वाचू लागला. सुरकुतीवरून सुरकुतीवर, न अडखळता, सावकाश. आणि बाहेर, पठाराच्या काठाशी, थोडं थोडं धुकं कमी होत गेलं.