आबा माझ्यातून दोनदा बोलले

मित्रांनो, मेडशीहून आत वळणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या छतावर एक लोखंडी खांब दिसेल. त्या खांबाला तारेने बांधलेला, रंग उडालेला जुना भोंगा म्हणजे मी.

अकोल्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा फिरत्या साच्यावर दाबून माझे रुंद तोंड घडवले गेले आणि मागे आवाज काढणारे यंत्र बसवले गेले. गावाने वर्गणी करून मला आणले, तेव्हा मी चकचकीत होतो. माझी मशीन आणि माईक शाळेच्या कार्यालयात असतात. सकाळी मुलांचा परिपाठ माझ्यातून होई आणि दिवसभरात गावाच्या सूचना. उद्या पोलिओचा डोस आहे, शेताची विजेची लाइन आज रात्रपाळीला आहे, कोणाची तरी तांबडी गाय सापडली आहे, असे मी चारी दिशांना सांगत असे.

या सूचना सांगायचे काम उकंडरावांचे होते. सारे गाव त्यांना आबा म्हणते. ते पूर्वी सरपंच होते आणि आता शाळेच्या समितीचे अध्यक्ष आहेत. आबांचा आवाज जाड आणि संथ. ते सुरुवातीला नेहमी म्हणत, "मी उकंडराव बोलून राह्यलो." एवढे ऐकले की आया चुलीपाशी हात थांबवून कान देत. आबा बोलले म्हणजे खरेच असणार, असे लोकांनी धरूनच टाकले होते. बोलणाऱ्याचे वजन मलाही मिळाले. लोक म्हणत, "भोंग्यावर सांगतलं ना, मंग झालं."

पुढे घरोघरी मोबाइल आले. गावाचा ग्रुप झाला. गाय हरवली तर तिचा फोटोच सगळ्यांकडे जाऊ लागला. माझ्या वाट्याला फक्त परिपाठ आणि पंधरा ऑगस्ट उरले. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत साळुंकीने माझ्या तोंडात घरटे केले. मला त्याचे वाईट वाटले नाही, पण आपली गरज संपली हे कळत होते.

अशातच मंजुषा मॅडम आमच्या शाळेत बदलून आल्या. त्या रोज एस.टी.ने येत. त्यांनी माझी तार बदलून घेतली, घरट्यातली पिल्ले उडून गेल्यावर माझे तोंड पुसून घेतले. परिपाठात बातम्या वाचणाऱ्या मुलांना त्यांनी एक सवय लावली. बातमी वाचून झाली की ती कुठून घेतली हे सांगायचे. एकदा संस्कृती नावाच्या पहिलीतल्या मुलीने सांगितले, "माह्या आजीच्या कोंबडीनं पिल्लं काढली. मी सोता पाह्यली." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "ही पक्की बातमी," त्या म्हणाल्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

चैत्र महिना होता. पोहरादेवीची यात्रा नुकतीच झाली होती आणि परतणारे लोक आमच्या बाजूने पातूरकडे जात होते. शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर एक मोटारसायकल पटांगणाच्या कडेला हातपंपापाशी थांबली. तिच्यावर हेमला नावाचा माणूस आणि त्याची बायको रुपाबाई असे दोघे होते. ते पातूरकडच्या एका तांड्यावरचे. चाक पंक्चर झाले होते. हेमला चाक बघत बसला. रुपाबाईने पाणी भरले आणि पंपावर खेळणाऱ्या संस्कृतीच्या हातावर देवीच्या प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी खांबावर असतो, मला हे सारे स्पष्ट दिसले.

ते देवमननेही पाहिले. देवमन गावातला तरुण शेतकरी, माणूस वाईट नाही. पण त्याच्या मोबाइलवर सकाळपासून एक व्हिडिओ फिरत होता. एक बाई खाऊ देऊन मुलाला जवळ बोलावते आणि एक माणूस त्याला पोत्यात घालतो. खाली लिहिले होते, आपल्या भागात टोळी आली आहे, सावध राहा. देवमनने धावत जाऊन संस्कृतीच्या हातातले खोबरे फेकले आणि आरडाओरड केली. चार माणसे जमली. हेमला हात जोडून काहीतरी सांगत होता, पण त्या दोघांना ओढत समोरच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नेले.

देवमन तसाच आबांना घेऊन शाळेच्या कार्यालयात आला. माईक तिथे असल्याने, मशीनचा आवाज बंद असतानाही मला त्यांचे बोलणे ऐकू येत होते.

"आबा, हे पाहा. तुमच्या पुतण्यानंच वाशीमहून टाकलं ग्रुपवर. तुमी भोंग्यावर सांगा, तं सारे येतीन."

आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. व्हिडिओ निम्माच पाहून त्यांनी तो परत दिला. त्यांचीही नातवंडे अंगणात खेळत होती. त्यांनी माईक घेतला.

"मी उकंडराव बोलून राह्यलो. पोरं पळवनारी टोळी गावात घावली हाये. आपापली पोरं घरात घ्या. मानसं पंचायतीपाशी या."

कितीतरी वर्षांनी मी इतक्या जोरात बोललो. दारे धाडधाड वाजली. माणसे धावत आली, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात तूर झोडपायचे दांडके. मोटारसायकल आडवी पडली आणि तिच्यावर दगड पडू लागले. ओट्यावर कोणीतरी हेमलाला मारले. त्याच्या कपाळातून रक्त आले. रुपाबाई त्याच्यापुढे आडवी उभी राहून ओरडत होती, "आमी देवीहून आलो जी! देवीहून आलो!"

मंजुषा मॅडम फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत होत्या. माझा आवाज ऐकून त्या पळत परत आल्या आणि गर्दीतून थेट कार्यालयात शिरल्या.

"आबा, त्या माणसांनी पोराले पळवलं, हे तुमी पाह्यलं का?"

"मी नाई पाह्यलं. देवमननं पाह्यलं."

"देवमनभाऊ, तुमी काय पाह्यलं?"

"खोबरं देतानी पाह्यलं," देवमन म्हणाला, "अन् हा व्हिडिओ."

मॅडमनी व्हिडिओ लावला आणि मध्येच थांबवला. "आबा, मागच्या दुकानाची पाटी वाचा."

आबांनी चष्मा लावला. "हे मराठी नाई. हिंदीबी नाई."

"आपल्या भागातली पाटी अशी असते का? आता शेवट पाहा." शेवटी पोत्यातले मूल हसत बाहेर आले आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून हात जोडले. ते कुठल्यातरी दूरच्या गावातले नाटक होते. मुलांना सावध करण्यासाठी केलेले.

"शेवटपर्यंत मी पाह्यलाच नाई," आबा हळू म्हणाले. "पुतन्यानं टाकला, म्हनून मले वाटलं..."

बाहेर पुन्हा आरडाओरड झाली. मॅडमनी माईक आबांपुढे धरला. "मी सांगतलं तं लोक म्हणतीन, बाई बाहेरगावची हाये, तिले काय ठाव. तुमच्या बोलण्यावर आले ते. तुमीच थांबवू शकता."

आबांनी माईक हातात घेतला. मित्रांनो, त्या क्षणी त्यांच्या मनात काय आले हे मला माहीत नाही. माझ्यापर्यंत फक्त त्यांचा श्वास आला.

"मी उकंडराव बोलून राह्यलो. मी आत्ता जे सांगतलं ते खोटं हाये. मी पाह्यलं नव्हतं अन् सांगतलं. तो व्हिडिओ नाटकाचा हाये. ते दोघं देवीहून आलेले लोक हायेत. हात खाली घ्या. ज्याले मारायचंच असन, त्यानं मले मारावं. मी येऊन राह्यलो."

माईक टाकून आबा धोतर सावरत पटांगण ओलांडून गेले. गर्दीतून कोणी ओरडले, "आबा, मंग आदी काहून सांगतलं?"  आबा ओट्यावर चढले आणि हेमलाच्या शेजारी उभे राहिले. काठ्या हळूहळू खाली आल्या. संस्कृतीची आजी गोजराबाई तांब्या घेऊन पुढे झाली. तिने रुपाबाईला पाणी पाजले आणि आपल्या पदराने हेमलाचे रक्त पुसले. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली आणि त्या दोघांना दवाखान्यात घेऊन गेली.

त्यानंतर गावात बरेच बोलणे झाले. काही म्हणाले, आबांचे आता वय झाले, त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. काही म्हणाले, चूक इतक्या लोकांसमोर कोण कबूल करतो?  आबांनी कार्यालयाची किल्ली मॅडमपुढे ठेवली.

"मॅडम, आता दुसरा मानूस पाहा."

मॅडमनी किल्ली परत त्यांच्या हातात दिली. "दुसरा मानूसबी चुकनच, आबा. चुकल्यावर तो परत माईकपाशी येईन का, हे मले ठाव नाई."

पुढचे मी पाहिलेले नाही. आबांनी मॅडमना सांगितले, तेव्हा माईक चालू आणि मशीनचा आवाज बंद होता, म्हणून फक्त मला कळले. आबा, देवमन आणि गोजराबाई हेमलाच्या तांड्यावर माफी मागायला गेले. रुपाबाईने ओसरीवर बसवून चहा दिला. गोजराबाईशी ती बोललीही. हेमला घरातच होता. आबांनी दारातून त्याला दोनदा हाक मारली. तो बाहेर आला नाही.

"त्याचं बरोबर हाये," आबा म्हणाले आणि मग कोणीतरी माईक बंद केला.

मित्रांनो, माझी तार वेळेवर बदला, पावसाळ्यापूर्वी मला रंग लावा, एवढे मी मागतोच. पण माझा माईक हातात घेऊन उभे राहाल, किंवा हातातल्या मोबाइलवरून चार जणांना काही पाठवाल, तेव्हा आधी स्वतःला विचारा की हे मी पाहिले आहे का, आणि नसेल तर ज्याने सांगितले त्याने तरी पाहिले आहे का. मला खरे-खोटे कळत नाही. मी पत्र्याचा आहे. जे येते ते मी मोठे करतो, आणि ते ऐकून माणसे घराबाहेर पडतात.