तेलाच्या तळाशी एक चुंबक

मी एक जुना लोहचुंबक आहे, आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीही मला पाहिलेलं नाही हे मी पैजेवर सांगतो. पिकअप गाडीच्या गिअरबॉक्सखाली पत्र्याचं एक पसरट ताट असतं. मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. त्या चेंबरच्या तळाशी, तेलात बुडून, मी पहुडलेला असतो. अंगाने काळा, आकाराने गोल, मधोमध भोक. रूपाच्या नावाने आनंदीआनंदच आहे!

कारखान्यात काळी पूड दाबून, भाजून मला घडवलं. तेव्हा मी नुसता दगड होतो. मग मला एका यंत्राच्या तोंडात धरलं, अंगातून काहीतरी सळसळत गेलं आणि एकदम मला उत्तर दिशा कळू लागली. तुम्हाला गंमत वाटेल, पण गाडी वळली की उत्तर माझ्या अंगावरून हळूच सरकते. तळाशी काहीच दिसत नसताना मला सगळे रस्ते त्यावरूनच पाठ झाले.

आमच्या गाडीला क्लच नाही. गिअर आपले आपण बदलतात, आणि ते बदलतात तेलाच्या दाबावर. नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. वर चाकांचे दात एकमेकांत फिरतात, थोडे थोडे झिजतात, आणि लोखंडाची पिठासारखी पूड तेलात उतरते. ती पुढे गेली तर अरुंद वाटांत अडकून बसेल. म्हणून मी तिला धरून ठेवतो. लोखंडाचा कण एकदा हाती लागला की मी सोडत नाही. कुणी चिकट म्हणालं तर म्हणो बापडं!

गाडीचा मालक सुतार. पाठीवर दारं, खिडक्या, कपाटं घेऊन आम्ही गावोगाव जायचो. तेल कोमट व्हायचं, डुलायचं, आणि त्या लाल अंधारात मी अर्धा जागा, अर्धा झोपेत असायचो. ती वर्षं आठवली की अजून सुख वाटतं. घाट चढून आलो की सुतारबाबा बॉनेटवर थाप मारायचे. "गुणाची गं माझी गाडी!" म्हणायचे. त्यातली थोडी शाबासकी मी गुपचूप स्वतःच्या नावावर करून घ्यायचो.

पण सोळा वर्षांत त्यांनी तेल काही बदललं नाही. कुणी सुचवलं तर म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची. चालत्या गाडीत हात घालू नये." तेल तपकिरी झालं, मग काळं. त्याला करपल्याचा वास येऊ लागला. माझ्या अंगावर लोखंडाची दाढी वाढली, ती इतकी की नवा कण धरायला जागा उरेना. मी खूप ओरडलो असतो, पण चुंबकाला तोंड कुठे असतं?

मग सुतारबाबांचे हात थरथरू लागले. रंधा लेकीच्या हाती गेला, गाडीची चावीही. ती तिशीची, तरी बाबा तिला चिमणी म्हणतात. ती कामाला वाघीण, पण गाडीने दगा द्यायला सुरुवात केली. रिव्हर्स टाकला की गाडी विचार करत उभी राहायची आणि मग धाडकन धक्का द्यायची. चढावर इंजिन नुसतं गुरगुरायचं.

एके दिवशी बाबांनी सांगून टाकलं, "आता गाडी भंगारात जाऊ दे. सुतारकामाच्या शेडला कुलूप लावू. तू शहरात नोकरी बघ."

"एकदा तेल बदलून बघते," चिमणी म्हणाली. "नाही सुधारली, तर तुम्ही म्हणाल तसं."

"हात दाखवून अवलक्षण! इतक्या वर्षांचं तेल काढलंस तर गिअरबॉक्स कायमचा बसेल. लिहून ठेव."

शेड म्हणजे तिचं सगळं काही होतं. नोकरीच्या नुसत्या नावाने तिचं तोंड उतरायचं. तरी ती हट्टाला पेटली. एका सकाळी तिने चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले, मेकॅनिककडून सगळं नीट समजून घेतलं होतं त्याप्रमाणे गाडीखाली शिरली, आणि पान्याने चेंबरचे बोल्ट सैल केले. काळं तेल घमेल्यात धो धो पडलं. चेंबर खाली आलं आणि सोळा वर्षांनी मी ऊन पाहिलं.

मित्रांनो, काय सांगू! शेडच्या पत्र्यातल्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या उतरत होत्या, आणि त्यांत लाकडाचा भुसा सोन्यासारखा तरंगत होता. वाटलं, स्वप्नच बघतोय. चिमणीने मला चिमटीत धरून एका फडक्यावर ठेवलं. जुना फिल्टर काढून तिने नवा बसवला. चेंबरच्या कडेला लावायचं पॅकिंग आणायचं राहिलं होतं, म्हणून ती दुकानात गेली.

तेवढ्यात स्टुलावर रुसून बसलेले बाबा उठले. काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक. त्यांनी चेंबर मांडीवर घेतलं, भुशाच्या ढिगातून मूठभर बारीक भुसा उचलला आणि आत चोळू लागले. जन्मभर त्यांनी तेलकट हत्यारं भुशानेच पुसली होती. हात थरथरत होते, पण चेंबर आरशासारखं लख्ख झालं. माझी दाढीसुद्धा त्यांनी फडक्याने मायेने पुसली आणि मला जागेवर बसवलं. चेंबरच्या दुमडीत, माझ्या भोकात, माझ्या पाठीखाली भुसा राहिला. इथे माझा काही उपयोग नव्हता. कारण लोखंड मी धरीन, पण भुसा मला धरता येत नाही. तो तेलाबरोबर वर जाणार, नवा फिल्टर तुंबवणार, आणि गाडी घाटात बसणार.

चिमणी परतली. "अगं बाई! बाबा, तुम्ही पुसलंत?"

"मग काय शेजाऱ्यांनी?"

तिचे डोळे पाणावले. भरल्या डोळ्यांना भुसा कुठला दिसायला! तिने पॅकिंग लावलं, चेंबर वर चढवलं, सगळे बोल्ट आवळले. नव्या तेलाचा कॅन उघडला, नळीत नरसाळं बसवलं. माझ्या डोक्यावर अंधार होता आणि मी नुसता ऐकत होतो.

"हे फडकं बघा, बाबा," ती हौसेने म्हणाली. "एवढं लोखंड त्या चुंबकाने धरून ठेवलं होतं. म्हणून गाडी इतकी तगली."

"फक्त लोखंडच धरतो तो?"

"मग?"

"लाकूड नाही धरत?"

"लाकूड कसं धरेल? आणि गिअरबॉक्समध्ये लाकूड येणार कुठून?" ती हसली.

बाबांचं स्टूल मागे सरकलं. तो आवाज मला पत्र्यातून ऐकू आला. ते बोलले नसते तर कुणाला काही कळलं नसतं. गाडी बसली असती आणि जग म्हणालं असतं, म्हाताऱ्याचंच खरं, तेल बदलायला नको होतं. आणि चिमणी मुकाट्याने शहरात गेली असती. कॅन कलल्याचा आवाज आला.

"थांब!" बाबा म्हणाले. "ओतू नकोस. खाली उतरव ते. मी भुशाने पुसलंय." आणि मग फार हळू, "माझं चुकलं गं."

चिमणीने कॅन खाली ठेवला. मग म्हणाली, "तुमच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकतेय."

"मीसुद्धा," बाबा म्हणाले, आणि दोघं हसत सुटली.

बोल्ट पुन्हा निघाले. या वेळी बाबांनी उजेडासाठी बॅटरी धरली आणि चिमणीने मला आणि चेंबरला पेट्रोलने दोनदा धुतलं, हवेने फुंकलं, दुमडीतून बोट फिरवलं. मग लाल तेल आलं. इंजिन सुरू झालं. नवं तेल सगळीकडे पोचावं म्हणून तिने गिअरचा दांडा प्रत्येक खाचेत एकदा नेऊन आणला, तेल तापल्यावर मापाच्या दांडीवर त्याची पातळी बघून उरलेलं थोडं ओतलं. शेवटी ठोकळे काढले आणि रिव्हर्स टाकला. गाडी एक क्षणही न अडखळता, लोण्यातून सुरी जावी तशी मागे सरकली. बाबा शेजारच्या सीटवर रडत होते. चिमणीने तिकडे पाहिलं नाही. तिने सरळ गाडी घाटाकडे काढली, आणि तो चढ आम्ही एका दमात चढलो.

आता शेडच्या भिंतीवर सुतारी पेन्सिलीने पुढच्या तेलाची तारीख लिहिलेली आहे म्हणे. त्याखाली बाबांच्या थरथरत्या अक्षरात दोन शब्द आहेत: भुसा नाही.

तेव्हा मित्रांनो, जे मुकाट्याने तुमच्यासाठी राबतं, त्याला वर्षानुवर्षं विसरू नका. त्याचं तेल बदला, त्याचं अंग पुसा. आणि पुसताना काही चुकलंच, तर तेल ओतायच्या आधी सांगून टाका. लोखंड मी सांभाळतो. हे एवढं मात्र तुम्हालाच करावं लागेल.