पावलावर उपडी घातलेली बादली

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. तुमच्या घरातल्या त्या रंगीत प्लॅस्टिकच्या बादल्या उन्हाने तडकतात आणि कडी तुमच्या हातात ठेवून मोकळ्या होतात. मला पत्रेवाल्याने ठोकून ठोकून घडवलं. त्याचा हातोडा दिवसभर अंगावर चालला, तेव्हा कुठे माझ्या बुडाचा सांधा बसला. तो आजवर गळलेला नाही.

मला या घरी थोरल्याने आणलं. घरच्या आईचा तो मोठा मुलगा. अंगणात नळ एका टोकाला आणि झाडं दुसऱ्या टोकाला, त्यामुळे सगळं पाणी माझ्यातूनच जायचं. आई शेजारणींना तोऱ्यात सांगायची, "माझी बादली आणि माझा मुलगा, दोघंही न सांडता काम करतात."

थोरल्याची बायको, म्हणजे घरची सून, मागून हळूच म्हणायची, "बादली निदान वेळेवर घरी तरी असते."

एका सकाळी थोरल्याने भिंतीलगत अंजिराचं रोप लावलं. माझ्यातलं पाणी ओतलं, अनवाणी पायाने बुंध्याशी माती दाबली आणि कामाला गेला. संध्याकाळी तो आला नाही. रस्त्यात अपघात झाला होता. त्याला उचलून आणलं, पण तो काही घरी आला नाही.

नंतर आईला बुंध्याशी त्याचं पाऊल दिसलं. चिखल वाळला होता आणि पाऊल जसंच्या तसं उमटलेलं होतं. टाच खोल, करंगळी जराशी बाहेर. आई तिथेच बसली. मग उठली, मला घेतलं, त्या पावलावर उपडं घातलं आणि वर वीट ठेवली.

मित्रांनो, पाण्यासाठी जन्मलेल्या बादलीचं तोंड मातीत गेलं. पोटात अंधार, आणि त्या अंधारात एक पाऊल. वरून ऊन मला भाजून काढायचं, पण पावलाजवळ गारवा असायचा. कधी वाटायचं, आत काहीतरी हललं. मुंगी असेल. असेलच. पण मी श्वास रोखून बसायची.

तिन्हीसांजेला आई यायची. वीट बाजूला करून माझ्या बुडावर टकटक करायची, दार वाजवावं तशी. "आहेस ना रे?"

रिकामं भांडं, ते घुमणारच. आईला वाटायचं, आतून हुंकार आला. ती समाधानाने घरात जायची.

अंजीर मात्र वाढेना. दोन उन्हाळे गेले तरी सुनेच्या गुडघ्याएवढंच. पानं यायची ती बोटभर, कडेने पिवळी. पाणी घालायचं तेही लांबून, पावलाला ओल लागू नये म्हणून. खुरपं लावायला बंदी. माती अशी आवळली होती, की तिथे गवतसुद्धा उगवत नव्हतं. एके दिवशी सुनेने खताची पाटी आणली, तर आई आडवी उभी राहिली.

"आई, बुंध्याजवळची माती मोकळी केल्याशिवाय हे जगणार नाही. मुळांना ना हवा, ना पाणी. यंदाचा उन्हाळा ते काढायचं नाही."

"मग दुसरं लावू. रोपं बाजारात मिळतात. पाऊल कुठल्या बाजारातून आणू? सांग ना, तू शिकलेली आहेस."

सुनेने पाटी खाली टेकवली. मग म्हणाली, "ह्यांनी पाऊल लावलं नव्हतं, आई. झाड लावलं होतं."

"तोंड सांभाळ."

"सांभाळलं की इतके दिवस."

पाटी तिथेच ठेवून सून आत गेली. आईने वीट काढून माझ्या बुडावर टकटक केली. मी घुमले. या वेळी तिचं समाधान झालं नाही. तिने पुन्हा वाजवलं, कान लावला. मग मला उचललं.

पाऊल होतं. पण टाचेच्या खळग्यातून एक बारीक मूळ वर आलं होतं. ओल शोधत ते अंगठ्यापर्यंत सरपटत गेलं होतं आणि तिथे वाळून काळं पडलं होतं. मला आत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं, ते हेच. निदान मी तसं समजते.

आईने त्याला बोट लावलं. ते कट्कन मोडलं.

"अगं, ये इकडे," तिने हाक मारली. आवाज तिचा वाटेना. "तहानलाय गं हा."

मग तिने मला नळाखाली धरलं. किती काळाने पाणी आलं अंगात! धाकधूक होती, पण एक थेंब गळला नाही. आईने पाणी सावकाश पावलात ओतलं. आधी टाच भरली, मग बोटं. क्षणभर ते सगळं पाऊल चकाकलं. मग कडा ढासळल्या. पाऊल विरघळून जाईपर्यंत ती ओतत राहिली. सुनेने "रडू नका" म्हटलं नाही. पाणी मुरू दिलं, मग खुरपं घेऊन मुळांना धक्का न लावता माती मोकळी केली, खत मिसळलं, आणि बुंधा मोकळा ठेवून भोवती वाळका पाला पसरला.

त्या वर्षी झाड उंच झालं नाही, फक्त पानं तळहाताएवढी झाली. पुढच्या वर्षी मात्र ते भिंतीपलीकडे डोकावू लागलं.

मित्रांनो, रोप वाढत नसेल तर त्याला दूषणं देऊ नका. बुंध्याशी माती तुडवू नका, पाणी मुळापर्यंत जाऊ द्या. आणि कुणाची आठवण जपायला मला न्यायचं असेल तर जरूर न्या, पण सरळ धरून, काठोकाठ भरून. झाडाशी कुणीतरी उभं आहेसं वाटलं, तर मागे फिरू नका. पाणी घाला.