आवराआवरीला हाकच आली नाही

मी एक जुनी आवराआवर आहे. हसू नका, मित्रांनो! खेळ संपला की पसारा उचलायच्या वेळी तुम्ही जिला चुकवून पळता, तिच्याच कुळातली मी. पण माझ्या हाती झाडू नाही की फडकं नाही. मी एका संगणकात राहते, आणि माझा सगळा देह म्हणजे प्रोग्रामच्या इनमीन तीन ओळी. तो संगणक एका कचेरीत जिन्याखाली ठेवलेला आहे. येणारेजाणारे त्याच्यावर खुशाल हेल्मेट ठेवतात, आणि त्याचा पंखा दिवसभर कुरकुरत असतो. मला त्या कुरकुरीची सवय झाली आहे.

मला दादांनी लिहिलं. दादा म्हणजे तिथले सगळ्यात जुने प्रोग्रामर. कचेरीत पहिलं टेबल त्यांचं लागलं, म्हणून सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. दादा आणि त्यांचे सोबती एका रक्तपेढीसाठी प्रोग्राम लिहीत होते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर एक तारीख असते. ती उलटली की ते रक्त कोणालाही द्यायचं नसतं. पिशवी बाहेर निघण्याआधी तिची तारीख तपासायची, आणि ती उलटलेली असेल तर पिशवी अडवायची, हे त्या प्रोग्रामचं काम.

पण प्रोग्राम नीट चालतो की नाही, हे कोण तपासणार? त्यासाठी दादांनी चाचण्या लिहिल्या. चाचणी म्हणजे छोटा प्रोग्राम. ती मोठ्या प्रोग्रामला एक प्रश्न विचारते आणि उत्तर ताडून पाहते. उत्तर बरोबर आलं तर पडद्यावर हिरवी ओळ, चुकलं तर लाल. कोणी एक अक्षर जरी बदललं, तरी जिन्याखालचा संगणक सगळ्या चाचण्या एकामागून एक आपसूक चालवतो.

त्यातल्या लेबलांच्या चाचण्यांसाठी आम्ही दोघी बहिणी जन्मलो. थोरली मांडामांड आणि धाकटी मी. कागदोपत्री तिला सेटअप म्हणतात आणि मला टिअरडाऊन, पण घरचं नाव ते घरचं नाव. चाचण्या सुरू होण्याआधी ताई येते. ती आधी खोट्या पिशव्यांची एक फळी मांडते. मग ती संगणकाचं घड्याळ एका जुन्या तारखेवर थांबवते, म्हणजे लेबलावर कोणती तारीख छापली जाईल हे आधीच ठाऊक असतं. शेवटी ती लेबल छापणाऱ्या यंत्राचा एक तोतया उभा करते. खरं यंत्र चालवलं तर कागदांचा ढीग पडेल ना! चाचण्या संपल्या की मला हाक येते. मी तोतयाला घरी पाठवते, घड्याळ सोडते आणि फळी पुसून टाकते.

नवा माणूस कामाला आला की दादा त्याला कौतुकाने मला दाखवत. "हे बघ, जे शेवटी मांडलं ते आधी उचललंय. आवरायचं ते असं. पुढच्याला मागच्याचा पसारा दिसता कामा नये." ते ऐकून मला मूठभर मांस चढे. गर्व म्हणा हवं तर, पण माझ्यासारख्यांच्या वाट्याला कौतुक येतं कितीसं? जेवणाची तारीफ सगळे करतात, खरकटं काढणाऱ्याचं नाव कोण घेतं?

आमच्या शेजारीच एक चाचणी राहते. तिचं नाव शिळी. तिला मांडामांड लागत नाही की आवराआवर लागत नाही. सगळ्या चाचण्या सुरू होण्याआधीच ती स्वतः एक पिशवी घेते, तिच्यावर कालची तारीख टाकून ठेवते आणि पाळी आली की प्रोग्रामला म्हणते, "दे ही पिशवी." प्रोग्रामने "नाही" म्हणायचं. बस, एवढंच. पण सगळ्या चाचण्यांत मोलाची तीच.

ती मोलाची का, हे मला एका सकाळी कळलं. त्या दिवशी रक्तपेढीतल्या सिस्टर प्रोग्राम बघायला आल्या होत्या. दादा त्यांना रंगीत पडदे, तक्ते, काय काय दाखवत होते. सिस्टरनी सगळं शांतपणे पाहिलं आणि एकच विचारलं, "गडबडीत आमच्या हातून तारीख उलटलेली पिशवी निघाली, तर हे आम्हाला अडवेल ना?"

"अडवेल," दादा म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. मी शब्द देतो."

तो शब्द दादांचा असला, तरी त्याची राखण शिळीकडे होती.

आणि मित्रांनो, त्यानंतर थोड्याच दिवसांत शिळी लाल झाली! प्रोग्राम कालची पिशवी बिनदिक्कत देऊन मोकळा. सगळे धावले. कोणीतरी म्हणालं, "पुन्हा चालवून बघा." पुन्हा चालवलं तर हिरवी! सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि चहाला गेले.

हळूहळू ती रीतच पडली. शिळी कधी लाल व्हायची, कधी नाही. लाल झाली की पुन्हा चालवायचं, हिरवी झाली की पुढे जायचं. "तिला अधूनमधून ताप येतो," असं म्हणून लोक हसत. मला मात्र हसू येईना. राखणदाराने आरोळी ठोकली की त्यालाच झोपेचं औषध द्यायचं, असला तो प्रकार होता.

मग कोणाच्या तरी मनात आलं, की दोष आवराआवरीचा असेल. म्हणून माझं काय केलं असेल? आवरायच्या आधी थोडं थांब, अशी ओळ माझ्या डोक्यावर आणून बसवली. दुसऱ्याने घड्याळ सोडायची ओळ दोनदा लिहिली. एकदा सोडलेलं घड्याळ दुसऱ्यांदा कसं सोडायचं, सांगा पाहू! मी बापडी थांबत होते, मग सोडलेलं पुन्हा सोडत होते, आणि शिळीचा ताप काही उतरत नव्हता. आजार एकाला आणि औषध दुसऱ्याला. नवीन माणसाला दाखवताना दादा आता मला वगळून पुढे जात. खरं सांगते, मला फार वाईट वाटे. पण मी ठरवलं होतं, की हाक येईल तेव्हा काम चोख करायचं. रुसून बसले असते तर रक्तपेढीचं काय झालं असतं?

प्रोग्राम रक्तपेढीत पाठवायचा तो शुक्रवार उजाडला. सकाळी शिळी लाल. पुन्हा चालवली, तरी लाल. दादांनी कपाळाला हात लावला. गेले कित्येक दिवस त्यांना साहेबांचे फोनवर फोन येत होते.

"ही चाचणीच काढून टाकू या," ते म्हणाले. "प्रोग्राम मी हाताने तपासलाय. ठणठणीत आहे. उगाच हिच्यापायी सगळं अडकलंय."

"दादा, काढू नका," पलीकडच्या टेबलावरून आवाज आला.

तो आवाज मुंगीचा होता. मुंगी म्हणजे त्यांची सहकारी. हातात घेतलेलं काम तडीस गेल्याशिवाय ती सोडत नाही, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देत असे.

"अगं, संध्याकाळी प्रोग्राम द्यायचाय."

"मग सिस्टरना काय सांगायचं? अडवेल, की अडवत असावं?"

दादांनी चष्मा काढून पुसला आणि खुर्ची मुंगीच्या टेबलाशी ओढली. "बरं, चल. संध्याकाळपर्यंत शोधू. नाही सापडलं तर मीच साहेबांना सांगतो, की आज देत नाही."

मुंगीने आधी शिळीला एकटीला चालवलं. हिरवी. पुन्हा एकटीला. पुन्हा हिरवी. मग लेबलांच्या चाचण्या आधी आणि शिळी मागून, असं चालवत राहिली. हिरवी, हिरवी आणि मग लाल! "एकटी असताना बरी असते," मुंगी पुटपुटली, "म्हणजे हिला काही झालेलं नाही. हिच्या आधी येऊन कोणीतरी पसारा टाकून जातंय." तिने शिळीला एक जादा ओळ दिली: तुला आज कोणती तारीख दिसते, ते सांग. पुढच्या लाल खेपेला शिळीने तारीख सांगितली. ती ताईने थांबवलेली जुनी तारीख होती! घड्याळ सोडलंच गेलं नव्हतं. त्या जुन्या तारखेच्या हिशेबाने कालची पिशवी चांगली ताजी ठरत होती. प्रोग्राम बिचारा बरोबर होता, त्याला दिवसच चुकीचा दाखवला जात होता.

"बघ, मी म्हणत होतो ना," दादा म्हणाले. "आवराआवरीतच घोळ आहे."

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. मुंगीने मला उघडलं. माझी एक एक ओळ तिने बोट ठेवून वाचली. मला वाटलं, आता ही मला पुसूनच टाकणार. पण ती म्हणाली, "दादा, ही तर बरोबर आहे. जरा जास्तच बरोबर आहे, घड्याळ दोनदा सोडते."

"मग?"

"मग ही येते का, ते बघू."

तिने ताईच्या सुरुवातीला एक ओळ घातली: मांडायला घेतलं. माझ्या सुरुवातीला दुसरी: आवरायला घेतलं. आणि पुन्हा सगळं चालवत बसली. जेवणाची वेळ झाली, डबे उघडले गेले, तरी तिची नजर पडद्यावरच. दर हिरव्या खेपेला दोन्ही ओळी उमटत. शेवटी ती लाल खेप आली. मांडायला घेतलं, एवढं एकच वाक्य उमटलं होतं. खाली माझी ओळ नव्हती.

"दादा," मुंगी म्हणाली, "हिला हाकच मारलेली नाही."

मित्रांनो, डोळे असते तर मी रडले असते. इतके दिवस माझ्या नावाने खडे फोडणाऱ्यांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. न बोलावलेल्या माणसाने काम कसं केलं नाही, याचीच चर्चा चालली होती.

पुढचं दादांच्या ध्यानात लगेच आलं. आमच्या घरचा नियमच तसा आहे. ताईचं मांडणं पूर्ण झालं, तरच मला बोलावणं येतं. ताई फळी मांडायची, घड्याळ थांबवायची, आणि तोतयाला उभा करताना कधीकधी अडखळायची. त्याला प्रोग्रामशी बोलायला संगणकाचं एक ठरावीक दार लागे, आणि ते दार कधी दुसऱ्याच प्रोग्रामने अडवलेलं असे. ताई तिथेच कोलमडायची. मांडणं अर्धवट, म्हणून मला हाक नाही. मग थांबलेलं घड्याळ तसंच मागे राहायचं आणि शिळी येऊन त्यात अडकायची.

"पण ताई कोलमडली तेव्हा लाल का नाही दिसलं?" असं तुम्ही विचाराल. मुंगीनेही तेच विचारलं.

दादांनी मान खाली घातली. "तोतया फार त्रास द्यायचा म्हणून लेबलांच्या चाचण्या पडल्या तर लाल नको, पिवळं दाखव, असं मीच लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून पिवळ्याकडे कोणी बघेनासं झालं. मीसुद्धा."

"चला, सापडलं ना?" मुंगी म्हणाली. "आता डबा खाऊन घ्या आणि बसा. हे तुम्हीच लिहा. ही तुमची आहे."

जेवून दादा माझ्यासमोर बसले आणि त्यांनी मला मोडलं. हो, मोडलं! माझ्या डोक्यावरचं थांबणं काढलं, दोनदा सोडणं काढलं, आणि उरलेल्या तीन ओळींना तीन ठिकाणी पाठवलं. ताईने फळी मांडली रे मांडली, की लगेच तिथेच नोंद: ही फळी शेवटी पुसायची आहे. घड्याळ थांबवलं की लगेच: हे सोडायचं आहे. तोतया उभा केला की लगेच: याला घरी पाठवायचं आहे. आता ताई मध्येच कोलमडली, तरी तोवर जेवढं मांडलं असेल तेवढं उलट्या क्रमाने आवरलं जातंच. तोतयालाही सांगितलं, की जे दार मोकळं असेल ते घे. आणि पिवळा रंग कायमचा गेला.

मोडताना मला भीती वाटली का? वाटली. इतकी वर्षं मी एका जागी, एका नावाने राहिले होते. पण ताईच्या खांद्याला खांदा लावून बसल्यावर कळलं, की माझी जागा पहिल्यापासून इथेच हवी होती.

मग मुंगीने मुद्दाम तोतयाला पाडून पाहिलं. ताई कोलमडली आणि ते लाल अक्षरांत दिसलं. पण मी आले. घड्याळ सुटलं, फळी पुसली गेली, आणि शिळी हिरवी राहिली. मुंगीने तोतयाला पुन्हा उभा केला, आणि मग त्या सबंध दुपारी लाल अक्षर उमटलं नाही. संध्याकाळी प्रोग्राम रक्तपेढीत गेला.

पुढे बरेच दिवस शांततेत गेले. एकदा कोणीतरी तारखा वाचायची पद्धत बदलली. साधीच दुरुस्ती होती. संगणकाने चाचण्या चालवल्या आणि शिळी लाल झाली. ताईचं मांडणं ठीक होतं, माझं आवरणंही ठीक होतं, फक्त शिळी लाल. एक हात जुन्या सवयीने पुढे आला, पुन्हा चालवायला.

"थांब," दादा म्हणाले. "आधी ती काय म्हणतेय ते वाचू."

त्यांनी वाचलं. नव्या पद्धतीत दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. तारीख उलटलेली पिशवी प्रोग्राम खरोखरच द्यायला निघाला होता. या वेळी शिळीला ताप नव्हता. ती खरं बोलत होती, आणि तिचं खरं ऐकू यावं इतकी जागा आम्ही बहिणींनी स्वच्छ ठेवली होती. चूक तिथल्या तिथे सुधारली गेली. रक्तपेढीत कोणाला याचा पत्ताही लागला नाही. दादांनी सिस्टरना दिलेला शब्द राहिला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. काही मांडायला घेतलंत, की ते कसं आवरायचं हे त्याच क्षणी ठरवून टाका. "सगळं झालं की बघू" म्हणू नका, कारण सगळं होईलच असं नसतं. आणि पसारा दिसला, तर आवरणाऱ्याला बोल लावण्याआधी त्याला कोणी बोलावलं होतं का, एवढं विचारा.

मी आता पूर्वीसारखी एका जागी सापडणार नाही. जिन्याखालचा पंखा कुरकुरतो, वर कोणाचं तरी हेल्मेट असतं, आणि ताई मांडायला लागते. ती कुठेही अडखळू दे. आता मी हाकेची वाट बघत नाही. मी येतेच.