पूर्ण हसण्याचा फोटो

हॉस्पिटलात त्याला सगळे 'पक्कड' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण चुकीचं ठेवलंय असं कुणी म्हणालं नसतं. अक्कलदाढ कितीही आडवी वाढलेली असो, हाडात कितीही रुतून बसलेली असो, पक्कड डॉक्टरांच्या खुर्चीत माणूस टेकला की अर्ध्या तासात दाढ ट्रेमध्ये आणि माणूस कापसाचा बोळा चावत बाहेर. नऊ वर्षं हेच चाललं होतं. आणि या नऊ वर्षांत आपल्या खोलीतून एकही माणूस हसत बाहेर पडलेला नाही, हे एका दुपारी हात धुता धुता त्याच्या लक्षात आलं.

लोक उपकार मानायचे, नाही असं नाही. पण ते बधिर ओठांनी, लाळ पुसत, दाराकडे सरकत. पुढे कधी रस्त्यात गाठ पडली की त्याला बघून त्यांचा हात आपोआप गालावर जायचा. माणूस हळवा होता बिचारा, त्याला ते लागायचं. शेवटी त्याने ठरवलं की उपटणं पुरे झालं, आता आपण दात सुंदर करायचे. कॉस्मेटिक डेंटिस्ट्री. तिथे माणसं आपल्या पायांनी, आनंदाने येतात आणि आरशात बघत बघत जातात. हॉस्पिटलातले सहकारी हसले, गवंड्याने सोनारकाम करायचं म्हणण्यातला हा प्रकार आहे म्हणाले. त्याने फोनवर आईला हे सांगितलं, तर आई म्हणाली, हसतील त्यांचे दात दिसतील, तू तुझं बघ. दाताच्या डॉक्टरला याहून चांगला आशीर्वाद कोण देणार?

शहरात एका बाईंचं मोठं नाव होतं. त्यांना सगळे मॅडमच म्हणत. दर शनिवारी त्या सात डॉक्टरांना शिकवत, आणि सहा महिन्यांनी त्यातल्या एकाला स्वतःच्या क्लिनिकात घेत. शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने स्वतः केलेली एक केस दाखवायची. दोन फोटो: आधीचा आणि नंतरचा. बाकी बडबड नको. पक्कडने शनिवारच्या ड्यूट्या बदलून घेतल्या आणि सातव्या खुर्चीवर जाऊन बसला.

पहिल्याच दिवशी त्याची फजिती झाली. मॅडमनी पडद्यावर दहा हसरे चेहरे दाखवले आणि प्रत्येकात काय चुकलंय ते लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी पानं भरली. याने लिहिलं की तिसऱ्याची दाढ किडलेली असावी, आठव्याला पायोरियाची सुरुवात आहे, बाकीचे बरे दिसतात. मॅडमनी तो कागद वाचला आणि त्याला शांतपणे सांगितलं, "तुम्हाला फक्त रोग दिसतो. इथे रोगी येत नाहीत. डोळा तयार करा."

मग त्याने डोळा तयार केला. दर आठवड्याला दहा हसऱ्या माणसांचे फोटो जमवायचे आणि टॅबलेटवर त्यांच्यावर रेघा मारायच्या, हा अभ्यास होता. पुढचे दोन दात किती लांब, किती रुंद. त्यांच्या मधली फट नाकाच्या सरळ रेषेत आहे की कललेली. हसताना वरचा ओठ कुठे थांबतो. ओठ दातांच्या वर जाऊन हिरडी दिसू लागली, तर दोन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारच्या वर दोष. निळी रेघ म्हणजे बरोबर, लाल म्हणजे जास्तीचं. पहिले दोन महिने त्याला काही दिसेना. तिसऱ्यात दिसू लागलं, आणि मग थांबेना. लिफ्टमधल्या माणसाने नुसतं हसून मजला विचारला तरी याच्या डोक्यात रेघा. वर्षापूर्वी वारलेल्या मामांच्या फोटोतही त्याला मधली रेघ डावीकडे गेलेली दिसली. मामी शेजारीच बसल्या होत्या, म्हणून तो गप्प राहिला.

बायकोपाशी मात्र त्याला गप्प राहता आलं नाही, आणि सगळं बिघडलं ते तिथेच.

त्याची बायको कानाच्या मशिनच्या दुकानात कामाला होती. नवं मशीन कानात बसवून घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांशी तासन्‌तास बोलायचं, आवाज कमी-जास्त करायचा, पुन्हा बोलायचं, हे तिचं काम. दिवसभर मोठ्याने बोलून तिचं हसणंही मोठं झालं होतं, की ते मुळातच तसं होतं, कोण जाणे. हसायची तेव्हा मान मागे टाकून, सगळं तोंड उघडून हसायची. दुकानात काही गिऱ्हाइकं मशीन घ्यायच्या आधी म्हणायची, बाई, जरा हसून दाखवा, म्हणजे कळेल. पक्कडने तिच्याशी लग्न केलं त्याला कारणं बरीच होती, पण बाकीची त्याला नीट सांगता आली नसती.

एका आठवड्याला नऊच फोटो जमले. दहावा त्याने फोनमधून घेतला. तलावावर होडीत बसून ती कशावर तरी हसत होती. त्याने रेघा मारल्या, माप घेतलं, आणि त्याला फार आनंद झाला, कारण मापायच्या आधीच त्याने मनाशी हिरडी पाच मिलिमीटर म्हटलं होतं आणि पाचच भरले. डोळा तयार झाला होता. आपल्याला काहीतरी आलं की ते घरच्या माणसाला दाखवावंसं वाटतं. लहान मुलाला वाटतं तसंच. तो टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात गेला.

तिने टॅबलेट हातात घेतला. मग लाल रेघ म्हणजे काय, असं तिने विचारलं. त्याने वर्गातल्यासारखं उत्तर दिलं, की लाल म्हणजे जास्तीचं. जास्तीचं काय? हिरडी. किती? तीन मिलिमीटर, म्हणजे दिसते पाच, त्यातली दोन चालली असती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वर त्याने हेही सांगितलं, की हे फार जणांत असतं आणि यावर आता सोपे उपाय आहेत. ती "बरं" म्हणाली आणि गॅस बंद केला.

पुढचे तीन आठवडे त्याला काही कळलं नाही, कारण त्याचा डोळा दातांवर होता. मग एके संध्याकाळी तो तिला न्यायला दुकानात गेला. समोर एक आजोबा बसले होते, कानात नवं मशीन. ती त्यांच्याशी बोलत होती. मध्येच ते काहीतरी गमतीचं बोलले, तिला हसू आलं, आणि तिचा हात चटकन तोंडापुढे गेला. हसणं ओसरलं तरी हात तिथेच राहिला. ती हाताआडून बोलू लागली. आजोबा म्हणाले, "बाई, हात काढा. मला ऐकू येत नाही."

अर्धवट ऐकू येणारी माणसं ओठ बघून ऐकतात, हे तिनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं. तिने घाईघाईने हात काढला, आजोबांची माफी मागितली, आणि पुन्हा तोंडाशी नेलेला हात मध्येच खाली घेतला. पक्कड दारात उभा होता. नऊ वर्षं त्याने माणसांचे हात गालावर जाताना पाहिले होते. हा हात त्याला नवा होता, आणि तो कुणामुळे गेला हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

घरी आल्यावर त्याने माफी मागितली. तुझ्या हसण्यात काहीच वाईट नाही, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, मग लाल रेघ कशाला मारलीस? तो म्हणाला, तो अभ्यास होता. ती म्हणाली, अभ्यासात खोटं शिकवतात का? खोटं शिकवत नव्हते. माप खरं होतं. आणि होडीतला तो फोटो त्याला जीव की प्राण होता, हेही खरं होतं. दोन्ही खऱ्या गोष्टी एका डोक्यात मावत नव्हत्या, आणि त्यांतली कुठली बाहेर काढून ठेवावी ते त्याला समजेना. दाढ असती तर समजलं असतं.

शेवटचा शनिवार तीन आठवड्यांवर आला आणि त्याची केसच हातची गेली. ज्या मुलीचे दात तो करणार होता, ती परगावी निघून गेली. तो डोक्याला हात लावून बसला, तेव्हा बायकोच म्हणाली, मी बसते की. हिरडी कमी करायचा उपाय सोपा आहे असं तूच म्हणाला होतास.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. कमी केली तर ती पुन्हा मोकळी हसेल, मग बरंच झालं. पण कमी केली म्हणजे लाल रेघ बरोबर होती हे कबूल केलं. न करावी, तर ती हात तोंडावर ठेवून म्हातारी होणार. जो उठतो तो म्हणतो डॉक्टरला सगळं माहीत असतं. याला एवढंही माहीत नव्हतं, की आपल्या बायकोला बरं करायचंय की वाईट.

उपचार ठरवायच्या आधी तीन फोटो लागतात: ओठ मिटलेले, अर्धं हसू, आणि पूर्ण हसू. हिरडी किती दिसते ते पूर्ण हसण्यातच कळतं, आणि ते हसू आतून आलेलं लागतं. सांगून आणलेल्या हसण्यात ओठ वर जातच नाही. त्याने रविवारी सकाळी खिडकीपाशी खुर्ची मांडली. पहिले दोन फोटो झाले. तिसऱ्यासाठी त्याने तिला ठेवणीतले विनोद सांगितले. मामींसमोर मामांच्या दातांत रेघ दिसली होती, तेही सांगितलं. ती हसत होती. खरंच हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदे हलेपर्यंत. पण वरचा ओठ दातांच्या जरासा वर जाऊन थांबायचा. तिने आरशासमोर उभं राहून त्याला तिथे थांबायला शिकवलं होतं. किती दिवस, हे त्याने विचारलं नाही. दीड तासात त्याने साठ फोटो काढले. सगळ्यांत हिरडी दोन मिलिमीटर. मॅडमच्या नियमाने या बाईंना कसलाही उपचार नको होता.

शनिवारी तो गेला तो केस झाली नाही हे सांगायलाच. काय काय घडलं ते नीट सांगता यावं म्हणून त्याने होडीतला फोटो आणि खिडकीतला फोटो सोबत नेले होते. त्याने तोंड उघडायच्या आत मॅडमनी ते दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी लावले. आधी पाच. नंतर दोन. मॅडम खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या.

"फारच सुंदर काम," त्या म्हणाल्या. "कापलेल्याची खूणही नाही. काय केलंत? ओठाला इंजेक्शन?"

"नाही," तो म्हणाला. "मी तिला सांगितलं फक्त."

त्याने सगळं सांगितलं. मॅडमनी मन लावून ऐकलं. बाई काही दुष्ट नव्हत्या. ओठाला व्यायामाने वळण लावता येतं असं त्यांनी वाचलं होतं, पण इतका चांगला परिणाम पहिल्यांदाच पाहत होत्या. त्याने हे सगळं व्यवस्थित लिहून काढावं, असं त्या म्हणाल्या. आणि सोमवारपासून या, असंही म्हणाल्या. सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. आपण जे सांगितलं ते यांना ऐकू आलं की नाही, असं त्याला वाटत राहिलं, आणि त्याच गोंधळात त्याच्या तोंडून "हो, येतो" असं निघून गेलं.

घरी बायकोने दारातच विचारलं. निवड झाली म्हटल्यावर ती मनापासून खूश झाली आणि हसली. अगदी बेतशीर हसली. त्याने तिला बसवलं आणि वर्गात काय झालं ते सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या, टाळ्या कशा वाजल्या, सगळं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक खरं सांग. आधी मी हसायचे, ते वाईट दिसायचं का?"

असा प्रश्न आला, तर बावळटातला बावळट नवराही प्रश्न संपायच्या आत नाही म्हणतो. यालाही नाहीच म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याचे डोळे आधी तिच्या ओठाकडे गेले, तिथे जरासे थांबले, आणि मग परत आले.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

समोरच्याला खरंच ऐकू आलं, की तो नुसताच हो म्हणतोय, हे ओळखणं तिचं रोजचं काम होतं. उत्तराला किती वेळ लागतो त्यावरून ते कळतं.

"बरं," ती म्हणाली, आणि सोमवारी त्याला किती वाजता निघावं लागेल ते विचारू लागली.